सातेरीचे शेजारी

महाबळेश्वरच्या बाजारपेठेंतून फिरतांना चार-दोन दुकानांआड मधाच्या बाटल्या रांगेनें मांडलेल्या दिसतात. प्रवासी एखादी उचलतो, उजेडांत धरून पाहतो, ‘शुद्ध आहे ना?’ म्हणून विचारतो आणि पैसे देऊन निघून जातो. ती बाटली भरेपर्यंत कोणी किती वेळां परसांत जाऊन मुंग्या झाडल्या, पावसांत कोणी साखरेचा पाक नेऊन ठेवला, हें त्यास ठाऊक नसतें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मध येतो. तो ज्यांच्या मेहनतीनें येतो त्या मधपाळांची थोडीशी ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

सह्याद्रींत मधमाशांच्या कांहीं जाति आढळतात. आग्या माशी उंच कड्यास अथवा मोठ्या वृक्षास एकच प्रचंड पोळें बांधते. तिच्या वाटेस जाणें म्हणजे जिवाशीं खेळ. फुलोरी माशी लहान. ती झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढें पोळें करते. या दोघी उघड्यावर राहणाऱ्या, म्हणून त्या पेटींत नांदत नाहींत. सातेरीची तऱ्हा वेगळी. तिला अंधार प्रिय. झाडाची ढोली, खडकाची कपार, ओसाड वारूळ अशा जागीं ती एकाशेजारीं एक अशीं समांतर पोळीं बांधते. मधपाळाची पेटी म्हणजे माणसानें केलेली ढोलीच होय.

या पेटीमागें एक सूक्ष्म निरीक्षण आहे. १८५१ सालीं लँगस्ट्रॉथ नांवाच्या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या ध्यानांत आलें कीं, पोळें आणि भिंत यांत सुमारें एक सेंटिमीटरची फट ठेविली तर माशा ती येण्याजाण्यासाठीं मोकळी सोडतात. ती याहून अरुंद असेल तर राळेनें बुजवितात, आणि रुंद असेल तर तेथें नवें पोळें बांधतात. एवढ्या एका गोष्टीमुळें पोळें चौकटींत बांधवून घेऊन तें पुस्तकाच्या पानासारखें बाहेर काढणें शक्य झालें. आपली माशी युरोपांतील माशीहून लहान. तिच्या मापाची पेटी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत दक्षिण हिंदुस्थानांत फादर न्यूटन या मिशनऱ्यांनीं तयार केली व खेड्यांतील लोकांस ती वापरण्यास शिकविलें. महाबळेश्वरीं १९४६ सालीं ग्रामोद्योग म्हणून हें काम सुरू झालें, आणि पुढें तेथें मध संचालनालय नांदूं लागलें. तत्पूर्वीं मध काढणें म्हणजे ढोली फोडून, धूर करून, पोळीं अंड्यापिलांसकट पिळून घेणें, असाच प्रघात होता. आतां मधाची चौकट यंत्रांत फिरविली कीं मध बाहेर उडतो आणि पोळें जसेंच्या तसें माशांस परत मिळतें.

‘मधमाशा पाळणें’ असें आपण सहज म्हणतों. परंतु हा शब्द मला नेहमींच थोडा फसवा वाटतो. गाईस दावें असतें, कोंबड्यांस खुराडें असतें. सातेरीस काय आहे? तिच्या घराचें दार रात्रंदिवस उघडें. उपासमार झाली, मुंग्या लागल्या, पोळ्यांत मेणपतंगाचे किडे शिरले, ऊन तापलें, किंवा मालकानेंच उत्साहाच्या भरांत पेटी वारंवार उघडली, तर एखाद्या दिवशीं सगळी वसाहत राणीसह उठते आणि निघून जाते. सकाळीं गजबजलेली पेटी सायंकाळीं मोकळी! माझ्या परिचयाचे एक वृद्ध मधपाळ आहेत; त्यांस आम्ही सारे आबा म्हणतों. एकदां मीं त्यांस विचारलें, “आबा, माशा अशा निघून गेल्या म्हणजे राग नाहीं का येत?” ते म्हणाले, “राग कुणावर धरायचा, बाळ? ती काय माझी चाकर हाय? आपलं कुठं चुकलं, तेवढं रिकाम्या पेटींत बघायचं.”

चुका होण्याचा काळ म्हणजे पावसाळा. परक्या मनुष्यास वाटेल कीं, रान हिरवेंगार झालें म्हणजे माशांची चंगळ. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत महाबळेश्वरीं पावसाची झड दिवसचे दिवस थांबत नाहीं. माशीस उडतां येत नाहीं, आणि जीं थोडीं फुलें असतात त्यांतील रस धुऊन जातो. बाहेर हिरवळ आणि पेटींत दुष्काळ! अशा वेळीं मधपाळास साखरेचा पाक करून पेटींत ठेवावा लागतो. पाक सांडला कीं मुंग्या येतात, म्हणून पेटीच्या घोडीचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावयाचे. वसाहत दुबळी झाली कीं मेणपतंग शिरतो, म्हणून रिकामीं पोळीं काढून तळ झाडावयाचा. हें सारें त्या दिवसांत, जेव्हां मधाचा एक थेंबहि मिळत नाहीं. ज्याच्या गांठीं साखरेपुरते पैसे नसतात, त्याची पेटी श्रावणांतच ओस पडते.

शत्रूंपैकीं गांधीलमाशी मोठी धीट. ती पेटीच्या दाराशीं टपून बसते व येणारीजाणारी माशी उचलते. एकटी सातेरी तिजपुढें काय टिकणार? पण शेंकडों मिळून तिला चहूंकडून वेढतात, तिचा गोळा करतात आणि पंखांचे स्नायू थरथरवून उष्णता उत्पन्न करतात. सातेरीच्याच जातीच्या जपानी माशांवर तेथील शास्त्रज्ञांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या गोळ्याच्या पोटांतील उष्णता सुमारें ४७ अंश सेल्सिअस भरली. तेवढ्या उष्णतेंत गांधीलमाशी मरते, आणि मधमाशी जेमतेम तग धरते. रोगापुढें मात्र असा उपाय चालत नाहीं. १९९१-९२ च्या सुमारास केरळांत पिलांस मारणारा एक विषाणुजन्य रोग आला. त्यानें तेथील बहुतेक वसाहती नाहींशा केल्या आणि कित्येक कुटुंबांची मिळकत एका हंगामांत बुडाली.

हंगाम खरा येतो तो पाऊस सरल्यानंतर, आणि त्याचा कळस उन्हाळ्यांत. जांभूळ आणि हिरडा फुलला म्हणजे पेटीचें दार वाजूं लागतें. कारवी सात-आठ वर्षांनीं एकदां फुलते; तें वर्ष मधपाळ विसरत नाहींत. मध पिकला कीं माशा घरावर मेणाचें झांकण घालतात. त्याआधीं काढलेला मध पाणचट असतो व आंबतो; पण हातीं पैसा नसलेल्या मनुष्यास ते आठ दिवस थांबणें किती जड जात असेल! काढतांनाहि वरच्या कोठींतलाच मध घ्यावयाचा; खालच्या कोठींत राणी, अंडीं आणि पिलें, तेथें हात लावावयाचा नाहीं. सातेरीच्या एका पेटींतून चांगल्या वर्षीं पांच ते दहा किलो मध मिळतो. आणि तो बाटलींत थिजला कीं गिऱ्हाईक म्हणतें, यांत साखर आहे! वास्तविक खऱ्या मधांतील द्राक्षशर्करेचे कण होतात. बाटली कोमट पाण्यांत ठेविली कीं ते विरघळतात.

आतां शेजाऱ्यांविषयीं. सातेरी घरापासून सुमारें एक-दीड किलोमीटर फिरते. तेवढ्या टापूंत एकाच मालकाची जमीन असणें अशक्य. म्हणजे मध एकाच्या पेटींतला, पण झाडें दुसऱ्याचीं, वनखात्याचीं, देवराईचीं. शेजाऱ्यानें बांधावरचें जांभूळ तोडलें तर नुकसान मधपाळाचें. शेजाऱ्यानें स्ट्रॉबेरीवर भर सकाळीं औषध फवारलें, तर दुपारीं पेटीपुढें मेलेल्या माशांचा सडा पडतो. पुष्कळदां तो शेजारी स्वतः मधपाळाचाच भाऊ असतो. यावरून घरांत भांडणें झालेलीं मीं ऐकलीं आहेत. शेवटीं तोड निघते ती अशी कीं, माशा घरीं परतल्यावर, सायंकाळीं फवारावें. स्ट्रॉबेरीचें फळ सर्व बाजूंनीं भरावयास माशीचा उपयोग होतो, हें शेतकऱ्यास एकदां पटलें म्हणजे बोलणें सोपें होतें. महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर या खेड्यास २०२२ च्या मे महिन्यांत ‘मधाचें गांव’ म्हणून मान मिळाला, आणि त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यांतील पाटगांवासहि. गांवच्या गांव या धंद्यांत असलें म्हणजे बांधावरच्या झाडावर कुऱ्हाड घालण्यापूर्वीं मनुष्य निदान आजूबाजूस पाहतो.

आबांच्या परसांत सात पेट्या भरलेल्या आहेत आणि आठवी रिकामी. तिला आंतून जुनें मेण चोळून ते दर वर्षीं झाडाखालीं ठेवितात, कोणाची वसाहत फुटून थवा निघाला तर त्यास आसरा असावा म्हणून. गेल्या उन्हाळ्यांत तींत थवा उतरला. तो कोणाचा, हें आबांनीं वाडींत घरोघर जाऊन विचारलें. पलीकडच्या आळींतील एक गृहस्थ म्हणाले, “माझाच असणार, आबा, त्या दिवशीं माझीच पेटी फुटली. पण राहूं द्या तुमच्याकडं. येती तर ती माझ्याच जांभळीवर.”