पेनड्राइव्हमधलं फोल्डर गायब होतं तेव्हा

स्कॉलरशिपचा फॉर्म भरायची शेवटची तारीख उद्या, आणि पेनड्राइव्हमधलं कागदपत्रांचं फोल्डर गायब! आमच्या शाळेतली एक मुलगी अब्बूंना घेऊन रडतच आली. कुणीतरी "फॉरमॅट मारावा लागेल" असं सांगितलं होतं. नशीब, अजून मारला नव्हता. मी आधी पेनड्राइव्हमधली जागा पाहिली. ती पूर्वीइतकीच भरलेली. म्हणजे सगळं आतच होतं.

मग दिसत का नव्हतं? बरेचसे पेनड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीचे असतात. त्यात प्रत्येक फाइलची एक नोंद असते, शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या ओळीसारखी. ही नोंद ३२ बाइटची. पहिल्या ८ बाइटमध्ये नाव, पुढच्या ३ मध्ये एक्स्टेन्शन (मधलं टिंब साठवतच नाहीत), आणि त्यानंतर १ बाइट शेऱ्याचा. लांब नावांना जादा नोंदी लागतात, ते सोडून देऊ. सगळा खेळ या शेऱ्याच्या बाइटमध्ये आहे. 'लपवलेली' फाइल असेल तर २, 'सिस्टीमची' असेल तर ४, फोल्डर असेल तर १६. फोल्डर म्हणजे तरी काय, आतून अशाच नोंदींची यादी. १६ची खूण आहे म्हणून कॉम्प्युटर तिला फोल्डर मानतो.

व्हायरसने एवढंच केलं होतं: १६ मध्ये २ आणि ४ मिळवून २२ केले. फोल्डर झाकलं गेलं. वर त्याच नावाचा शॉर्टकट ठेवला, म्हणजे आपण क्लिक करणार आणि व्हायरस चालू होणार. अशा शॉर्टकटला हात लावू नका. आधी अँटिव्हायरसने तपासा, मग कमांड प्रॉम्प्टमधल्या 'अ‍ॅट्रिब' आज्ञेने त्या दोन्ही खुणा एकदम काढा. आम्ही तेच केलं, फोल्डर परत आलं.

पण अडचण संपली नव्हती. फॉर्मला पीडीएफ हवी होती, आणि तिच्या भावाने फोटोचं नाव बदलून 'जेपीजी'चं 'पीडीएफ' केलेलं! त्याने नोंदीतली ती ३ अक्षरंच बदलतात, आतला फोटो फोटोच राहतो. वेबसाइटने तो नाकारला, बरोबरच होतं.

लिनक्सच्या 'ईएक्सटी ४' मध्येही नोंदीत प्रकारासाठी १ बाइट असतो: साधी फाइल १, फोल्डर २. पण फोटो की पीडीएफ, हे तोही सांगत नाही. ते फाइलच्या सुरुवातीच्या बाइटवरून कळतं. शेवटी आम्ही फोटो 'प्रिंट टू पीडीएफ' करून नवी फाइल बनवली, आणि रात्री साडेनऊला फॉर्म गेला.