‘जुलनार’ आगबोट व लेफ्टनंट-कमांडर कौली याचा अंत

एकाच प्रसंगाविषयीं दोन साधनें परस्परविरुद्ध बोलूं लागलीं म्हणजे कोणतें कितपत प्रमाण मानावें, हा प्रश्न संशोधकास वारंवार पडतो. तो केवळ बखरी व जुनीं पत्रें यांपुरताच नाहीं, हें पहिल्या महायुद्धांतील एका आरमारी अधिकाऱ्याच्या चरित्रावरून दाखविण्याचें योजिलें आहे.

चार्ल्स हेन्री कौली हा इ. स. १८७२ त बगदाद येथें जन्मला. त्याचा बाप तैग्रिस नदीवर आगबोटी चालविणाऱ्या लिंच कंपनींत कप्तान होता. मुलगा ‘वूस्टर’ या शिक्षणनौकेवर नाविकविद्या शिकून त्याच कंपनीच्या चाकरींत शिरला. तैग्रिसचीं वळणें त्याच्या पूर्ण परिचयाचीं झालीं होतीं. युद्धांत ‘मजिदिया’ बोटीवर त्यानें बजावलेली कामगिरी सेनापतींनीं वाखाणली. आरमाराच्या स्वयंसेवक राखीव दळांत त्यास लेफ्टनंट-कमांडरचा हुद्दा होता.

ता. ७ डिसेंबर १९१५ रोजीं तुर्कांनीं कूत-अल-अमारा येथें जनरल टाउनशेंड यास वेढिलें. त्याचें सैन्य म्हणजे सहावी अर्थात् पुणें डिव्हिजन. तींत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सुटकेचे प्रयत्न फसले व धान्य संपत आलें, तेव्हां ‘जुलनार’ आगबोटींतून २७० टन सामग्री आंत पोंचविण्याचें ठरलें. बोटीवरील सर्व माणसें स्वेच्छेनें पुढें आलेलीं होतीं. मुख्य अधिकारी लेफ्टनंट फर्मन. कौली त्याचा साहाय्यक.

ता. २४ एप्रिल १९१६ रोजीं रात्रीं बोट फलाहियाहून निघाली. वाटेंत तिच्यावर तोफांचा भडिमार झाला व त्यांत फर्मन पडला. कूतपासून नदीच्या वाटेनें सुमारें साडेआठ मैलांवर मगासिस येथें पात्रांत आडवे ताणलेले पोलादी दोरखंड होते; त्यांत बोट अडकली. हा तुर्कांचा जुनाच उपाय. ता. २८ सप्टेंबर १९१५ रोजीं असाच अडथळा कुऱ्हाडीनें तोडतांना लेफ्टनंट-कमांडर कुक्सन मारला गेला होता. मध्यरात्रीं मगासिसकडे मोठा गोळीबार ऐकूं येऊन एकाएकीं थांबला, असें टाउनशेंडनें कळविलें. ता. २९ रोजीं कूत शरण गेलें व सुमारें १३,००० लोक कैदेंत पडले.

आतां कौलीच्या मरणाचा विचार करूं. जनरल लेक याच्या अहवालांत तुर्कांच्या सांगण्यावरून फर्मन व कौली दोघेही ठार झाल्याचें नमूद आहे. उलटपक्षीं, बचावलेल्या खलाशांचें म्हणणें असें कीं, बोट शत्रूच्या हातीं गेली तेव्हां कौली जिवंत होता. पुढें त्यास इतरांपासून वेगळें नेण्यांत आलें. बगदादेंत जन्म म्हणून तुर्क त्यास आपला प्रजाजन व म्हणून द्रोही समजत. यावरून त्यास मागाहून गोळी घातली असें मानलें जातें.

येथें प्रमाणविचार असा : लेकचा अहवाल सरकारी खरा, पण या मुद्द्यावर तो शत्रूच्या वाक्याचा अनुवाद आहे, त्यास स्वतंत्र साक्षीचें मोल नाहीं. खलाशी प्रत्यक्षदर्शी, पण त्यांची साक्ष वियोगाच्या क्षणापर्यंतच पुरते. म्हणून ‘जिवंत पकडला’ हें प्रत्यक्षमूलक, व ‘गोळी घातली’ हें बलवत्तर असलें तरी अनुमानच होय. दोघांसही इ. स. १९१७ त मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु सन्मानपत्र हें शौर्याचें प्रमाण, मृत्यूच्या प्रकाराचें नव्हे. कौलीची कबर ज्ञात नाहीं. नांव मात्र बसरा स्मारकावर आहे.

ही सामग्री ज्यांच्याकरितां निघाली होती, त्यांत सातारा व रत्नागिरीकडील आमचेही लोक होते. त्यांचीं कैदेंतून आलेलीं कार्डें कोणाच्या दप्तरांत असल्यास तीं क्षुल्लक समजून टाकूं नयेत. पाकीट, शिक्के व तारीख यांसह जशींच्या तशीं राखावीं. एखाद्या शिपायाच्या दोन ओळींनीं सेनापतीचा अहवाल दुरुस्त होऊं शकतो.