सरोवराच्या तळाचा गारवा

विद्यापीठाचे पर्यावरणविषयक काम जोखायचे कसे? सध्या रूढ झालेली रीत मोजदादीची आहे. आवारात किती झाडे लावली, गच्चीवर किती किलोवॅटची सौर पॅनेल बसवली, पावसाचे पाणी जिरवण्याची सोय आहे का, हरित लेखापरीक्षण झाले का, असे प्रश्न ‘नॅक’च्या मूल्यांकनातही विचारले जातात. इंडोनेशियातील एका विद्यापीठाने २०१० साली सुरू केलेल्या ‘ग्रीनमेट्रिक’ या जागतिक क्रमवारीत तर जगभरची विद्यापीठे आपापली माहिती स्वतःच भरून पाठवतात. ही मोजदाद निरर्थक नाही, पण एवढे काम एखादा कारखाना किंवा मोठे हॉटेलही करू शकते. विद्यापीठाकडे त्यांच्यापेक्षा वेगळी एक गोष्ट असते: संस्थेच्या कोणत्याही निर्णयाची शास्त्रीय उलटतपासणी करू शकतील अशी माणसे त्याच आवारात नोकरीला असतात. म्हणून विद्यापीठाच्या उपक्रमाची खरी कसोटी तो किती हिरवा दिसतो ही नसून, तो तिथल्याच संशोधकांच्या तपासणीखाली ठेवला जातो की नाही, ही आहे, असे माझे मत आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा गेल्या पाव शतकाचा अनुभव या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे.

कॉर्नेल हे न्यूयॉर्क राज्याच्या अंतर्भागात, इथाका या गावी कायुगा सरोवराच्या वरच्या टेकडीवर वसलेले आहे. हिमनद्यांनी कोरलेले हे सरोवर साठ किलोमीटरहून थोडे अधिक लांब, अगदी चिंचोळे आणि सर्वांत खोल जागी सुमारे १३३ मीटर खोल आहे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. थंडीच्या दिवसांत पृष्ठभागावरचे पाणी गार होत होत ४ अंशांवर आले की खाली बसते आणि तळाचा सगळा भाग अशा जड, थंड पाण्याने भरतो. वसंतात ऊन वाढल्यावर वरचा थर तापून हलका होतो व वरच तरंगत राहतो. दोन थर मिसळायचे थांबतात, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही तळाचे पाणी ४-५ अंशांवरच राहते. म्हणजे दर हिवाळ्यात गारव्याचा नवा साठा आपोआप भरला जातो. जुलै २००० पासून कॉर्नेल हा साठा वापरते. सुमारे ७६ मीटर खोलीवरून तीन किलोमीटरहून लांब नळाने पाणी काठावरच्या केंद्रात येते. तिथे धातूच्या पातळ पत्र्यांच्या एका बाजूने सरोवराचे पाणी आणि दुसऱ्या बाजूने विद्यापीठाच्या बंद नळांतले पाणी वाहते. उष्णता पत्र्यातून पलीकडे जाते, पाणी मात्र एकमेकांत मिसळत नाही. गार झालेले पाणी टेकडीवर जाऊन प्रयोगशाळा आणि वर्ग थंड करते, तर थोडे कोमट झालेले सरोवराचे पाणी परत सरोवरात सोडले जाते. कॉम्प्रेसर जवळजवळ लागतच नाहीत, वीज खर्च होते ती मुख्यतः पंपांवर. इमारती थंड ठेवण्याची वीज यामुळे सुमारे ८६ टक्क्यांनी घटली, आणि ओझोनच्या थराला घातक ठरलेली शीतकद्रव्ये वापरणारी जुनी यंत्रे काढून टाकता आली.

इथवरची हकिगत कोणत्याही माहितीपत्रकात शोभेल. खरा प्रश्न पुढे उभा राहिला. सरोवरात मेलेले शेवाळ तळाशी जाऊन कुजते आणि त्यातला फॉस्फरस तळाच्या पाण्यात विरघळतो. उन्हाळ्यात थर वेगळे असल्याने तो खालीच अडकून राहतो. कॉर्नेलचा नळ नेमके हेच पाणी उपसून सरोवराच्या दक्षिण टोकाला, उथळ आणि उबदार भागात सोडतो. फॉस्फरस हे शेवाळाचे खत आहे. विजेची बचत करण्याच्या नादात विद्यापीठ सरोवराला खत घालत आहे, असा आक्षेप स्थानिक रहिवाशांनी प्रकल्प सुरू होण्याच्या आधीपासून घेतला, आणि तो अडाणीपणाचा मुळीच नव्हता. सोडलेल्या पाण्याची उष्णता तुलनेने किरकोळ होती, वर्षाकाठी काही तासांच्या जादा उन्हाइतकी. फॉस्फरसचे तसे म्हणता येत नव्हते. २००२ मध्ये राज्याने सरोवराच्या दक्षिण भागाची नोंद फॉस्फरस आणि गाळामुळे बिघडलेल्या पाण्यांच्या यादीत केली, तेव्हा आक्षेपाला आणखी वजन आले.

या टप्प्यावर बहुतेक संस्था खुलासा काढून मोकळ्या होतात. इथे मात्र प्रकल्प सुरू होण्याच्या आधीपासूनच, १९९८ पासून, सरोवराच्या दक्षिण भागात ठरावीक ठिकाणी पाण्याचे नमुने घेतले जात होते आणि हे काम वर्षानुवर्षे चालू राहिले. ‘आधी’ची नोंद नसेल तर ‘नंतर’च्या नोंदीवरून काहीही सिद्ध करता येत नाही, म्हणून हा तपशील मला नळाच्या लांबीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. पुढे २०१३ साली राज्याच्या पर्यावरण खात्याने नव्या परवान्यात फॉस्फरसवर मर्यादा घातली. सरोवराचे गणिती प्रारूप तयार करण्याची अटही त्यात होती, आणि गरज पडल्यास पाणी सोडण्याची जागा खोल भागात हलवण्याचा मार्ग खुला ठेवला गेला. अभ्यासातून दिसले ते असे: दक्षिण टोकाला येणाऱ्या फॉस्फरसचा फार मोठा भाग ओढ्या-नद्यांच्या लोंढ्यांतून येतो, पण त्यातला बराचसा मातीच्या कणांना चिकटलेला असतो आणि शेवाळाला तो सहज घेता येत नाही. याउलट नळातून येणारा फॉस्फरस प्रमाणाने थोडा असला तरी विरघळलेला, म्हणजे शेवाळाच्या थेट उपयोगाचा असतो. दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचे अर्धे सत्य यातून उचलता येईल. सरोवराच्या आरोग्यासाठी पाणलोटातली शेती आणि मातीची धूप हा मोठा प्रश्न आहे हे खरे, आणि विद्यापीठाचा वाटा शून्य नाही हेही खरे. टोरांटो शहराने २००४ मध्ये ओंटारियो सरोवरातून असाच गारवा घेताना हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे ८३ मीटर खोलीवरचे पाणी गारवा देऊन झाल्यावर पिण्याच्या पुरवठ्यात जाते, त्यामुळे ते पुन्हा काठाशी सोडावे लागत नाही. माझ्या मते ती रचना अधिक चांगली आहे, मात्र तिला शेजारी एवढे मोठे तहानलेले शहर असावे लागते.

दुसरा वाद याहून जिव्हारी लागणारा होता, कारण तो घरातूनच निघाला. इथाकाच्या कडक हिवाळ्यात इमारती उबदार ठेवणे हा विद्यापीठाचा सर्वांत मोठा ऊर्जाखर्च. त्यासाठी कॉर्नेलने नैसर्गिक वायूवर वीज आणि वाफ दोन्ही देणारे केंद्र उभारले आणि २०११ मध्ये कोळसा पूर्ण बंद केला. कागदावरचे कार्बन उत्सर्जन झपाट्याने उतरले. त्याच वर्षी कॉर्नेलच्याच रॉबर्ट हॉवर्थ, रेने सँटोरो आणि अँथनी इंग्राफिया यांचा शोधनिबंध आला. शेल खडकातून वायू काढताना आणि वाहून नेताना मिथेन गळतो. वीस वर्षांच्या हिशेबाने मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त आहे, आणि गळती धरली तर असा वायू कोळशापेक्षाही वाईट ठरू शकतो, असा त्यांचा दावा होता. कॉर्नेलच्याच लॉरेन्स कॅथल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्याच नियतकालिकात गळतीचे अंदाज आणि वीस वर्षांची निवड या दोन्हींवर बोट ठेवून तो खोडायचा प्रयत्न केला. हा वाद एका निबंधाने मिटला नाही. पण २०१६ मध्ये विद्यापीठाने कार्बनमुक्तीच्या पर्यायांचा अहवाल तयार केला, तेव्हा आवाराबाहेर होणारी ही गळतीही हिशेबात धरली. आपलीच कामगिरी कमी दिसेल असा आकडा संस्थेने स्वतः मांडावा, हे क्रमवारीच्या रकान्यांत कुठेच बसत नाही.

‘श्रीमंत विद्यापीठांना हे परवडते’ हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. सरोवराच्या प्रकल्पाला सुमारे सहा कोटी डॉलर लागले. विद्यापीठ शंभर वर्षांनीही तिथेच असणार, म्हणून पाऊणशे वर्षे चालतील अशा नळांत पैसा घालणे त्याला शक्य होते. पण वर सांगितलेल्या दोन्ही वादांत निर्णायक ठरले ते पाण्याचे नमुने, नोंदवह्या आणि मतभेद छापून आणण्याची मोकळीक. यांना सहा कोटी डॉलर लागत नाहीत. एका आवाराची बचत म्हणजे समुद्रातला थेंब, हेही म्हटले जाते. बचतीपुरते ते बरोबरच आहे. मात्र कॉर्नेलने २०२२ मध्ये आवाराजवळ जवळपास तीन किलोमीटर खोल विवर खोदले, ते अजून एकही खोली तापवत नाही. खडकाचे तापमान, त्यातल्या भेगा आणि भूकंपाचा धोका जोखणे हाच त्याचा उद्देश. ज्वालामुखी नसलेल्या प्रदेशात जमिनीखालच्या उष्णतेवर इमारती तापवता येतील का, याचे उत्तर होकारार्थी असो की नकारार्थी, ते हवामान तसेच असलेल्या अनेक शहरांच्या उपयोगी पडेल. कंपनी अशा नकाराला तोटा म्हणेल. संशोधनसंस्थेला तो प्रसिद्ध करता येतो.

महाराष्ट्रात हा नळ आणून चालणार नाही. तळाचे पाणी जास्तीत जास्त तिथल्या हिवाळ्याइतकेच गार असू शकते, त्यामुळे कोयना किंवा भंडारदऱ्याच्या जलाशयात ४ अंशांचे पाणी मिळणे शक्य नाही. शिवाय आपले जलाशय नेमके उन्हाळ्यातच आटत जातात. आपल्या आवारांसाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाचा प्रयोग अधिक जवळचा आहे. इमारती थंड करताना बाहेर फेकली जाणारी उष्णता आणि त्याच वेळी लागणारे गरम पाणी यांचा मेळ तिथे आधी आकडेवारीवरून तपासला गेला, आणि मग २०१५ मध्ये वायूवरचे केंद्र बंद करून ती उष्णता परत वापरणारी यंत्रणा सुरू झाली. आपल्याकडे प्रयोगशाळा आणि संगणककक्षांचे एसी दिवसभर गरम हवा बाहेर टाकतात आणि त्याच आवारातल्या वसतिगृहांत सकाळी गिझर लागतात. दोन्हींची वेळ जुळत नाही, म्हणून मध्ये गरम पाण्याच्या टाक्या लागतील. पावसाळ्यात, परीक्षांत आणि सुट्ट्यांत गणित बदलेल. विखुरलेल्या छोट्या एसींपेक्षा एकत्रित शीतकरण असलेल्या नव्या इमारतींत हे सोपे जाईल. किती उष्णता मिळते, टाकी केवढी हवी आणि खर्च किती वर्षांत वसूल होतो, हे काढायला वर्षभराची तासागणिक मोजणी पुरे. पदवीला पर्यावरणाचा सक्तीचा प्रकल्प लिहिणाऱ्या आणि यंत्र अभियांत्रिकीत उष्णता-विनिमय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडे ते काम आजच सोपवता येईल, फक्त विजेची बिले आणि मीटरच्या नोंदी संस्थेने त्यांच्या हाती द्यायला हव्यात.