भीड सोडा, चौकशी करा!

वार्षिक परीक्षा संपत आल्या, की वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत पत्रकं घरात पडायला लागतात. ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’, ‘बालसंस्कार शिबिर’, ‘पंधरा दिवसांत पोहायला शिका’, ‘साहस शिबिर’... बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, कुठेही जा, एप्रिल-मे म्हणजे शिबिरांचा हंगाम! पूर्वी सुट्टी लागली की मुलं मामाच्या गावाला जायची. आता मामा-मामी दोघंही नोकरीला जातात. तेव्हा शिबिर ही काही चैन राहिलेली नाही. मुलं चार नव्या गोष्टी शिकतात, त्यांना मित्र मिळतात. त्यामुळे शिबिराला पाठवूच नका, असं मी मुळीच म्हणणार नाही.

पण मैत्रिणींनो, साडी घेताना आपण काठ, पदर, रंग जाईल का, सारं दहादा विचारतो. मग पोटचं लेकरू पाठवताना ‘फी किती आणि टी-शर्ट मिळणार का’ एवढ्यावरच कसं थांबतो? महिला मंडळात हा विषय काढला, की उत्तर ठरलेलं. ‘अहो ताई, ओळखीचेच आहेत ते! त्यांना कसं विचारायचं? बरं दिसत नाही.’ इथंच घोडं अडतं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगीच नाही.

एप्रिल २०१८ मधली घटना आठवा. चेन्नईच्या एका शाळेची मुलं उन्हाळी शिबिरासाठी पुण्याजवळ मुळशी तालुक्यात आली होती. त्यातली तीन मुलं धरणाच्या पाण्यात बुडाली. धरणाचं पाणी वरून शांत दिसतं, पण तळ एकदम कुठे खोल जातो, ते काठावरून कळत नाही. आपल्याकडेही बिंदुसरा, माजलगाव, मांजरा ही धरणं आहेतच. म्हणून शिबिराची सहल कुठे जाणार, मुलांना पाण्यात उतरवणार का, पोहणारा प्रशिक्षित माणूस आणि लाइफ जॅकेट असणार का, हे आधीच विचारा. राज्य शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमिनीवर, पाण्यात किंवा हवेत साहसी उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं त्यात आवश्यक ठरवलं आहे. ‘साहस शिबिर’ असं नाव असेल, तर नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा, असं खुशाल म्हणा.

दुसरी काळजी माणसांची. जून २०२५ मध्ये आपल्या बीड शहरातच एका खासगी क्लासच्या दोन शिक्षकांवर विद्यार्थिनीच्या छळाबद्दल ‘पोक्सो’ कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण मोठं नाव, मोठी पाटी म्हणजे सुरक्षितता नव्हे, एवढं तरी आपण यातून घ्यायला हवं. २०१२ चा हा कायदा मुलींइतकाच मुलग्यांसाठीही आहे, हे विसरू नका. ‘मुलग्याला काय होतंय’ हा आपला गैरसमज आहे. असा प्रकार कळूनही संस्थाप्रमुखाने दडवला, तर त्यालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

निवासी शिबिर असेल, तर जागा स्वतः बघून या. रात्री मुलांजवळ कोण झोपतं? मुलींसाठी बाई मुक्कामाला आहेत का? संडास-बाथरूम किती लांब, तिथे दिवा आणि आतून कडी आहे का? किती मुलांमागे एक शिक्षक? माणसं नेमताना त्यांची पोलीस पडताळणी केली का? मूल न्यायला कोण येऊ शकतं, याची नोंद ठेवतात का? जमिनीवर अंथरूण असेल तर विंचवा-किरड्याचं काय, आणि सर्वांत जवळचा दवाखाना कोणता?

आणि आपलं ऊन! मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो. भर दुपारी मैदानावर कवायत घेणारं शिबिर कितीही नावाजलेलं असो, ते नकोच. मैदानी खेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, प्यायला भरपूर स्वच्छ पाणी, सावली आणि जवळ ओआरएसची पाकिटं... एवढं तर हवंच.

एक साधी कसोटी सांगते. चांगला संयोजक या प्रश्नांनी खूश होतो, पुढे होऊन सगळं दाखवतो. जो चिडतो, ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ म्हणतो किंवा मधेच मुलाला भेटायला, फोनवर बोलायला बंदी घालतो, त्याने आपलं उत्तर दिलेलंच असतं. तिथून सरळ परत फिरा.

मुलालाही तयार करा. आई-बाबांचा मोबाइल नंबर आणि १०९८ ही मुलांची मदतवाहिनी तोंडपाठ करून घ्या. अंगाला नको तसा हात लावला तर ओरडायचं, पळायचं आणि घरी सांगायचं. ‘कुणाला सांगू नकोस’ असं जो म्हणेल, त्याची गोष्ट सर्वांत आधी आईला सांगायची. मूल सांगेल तेव्हा आधी ऐकून घ्या, रागावू नका.

एकटीला विचारायला संकोच वाटत असेल, तर गल्लीतल्या चौघी मिळून जा. चौघींनी विचारलं की संयोजकही वहीत नोंदी ठेवायला लागतो. बरं दिसतं की नाही, याचा विचार इतर वेळी करूच की. लेकराच्या बाबतीत तरी नको!