एका प्रकाशबिंदूची साक्ष

पणत्यांच्या उजेडात मोबाइलने घेतलेली छायाचित्रे धूसर का येतात, असा प्रश्न एका वाचकाने केला आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा त्या धूसर छायाचित्रातच सापडते. चित्र मोठे करून त्यातील एखादा एकाकी तेजस्वी बिंदू, दूरचा दिवा किंवा पितळेवरची चकाकी, निरखून पाहावा. चित्रभर असे सारे बिंदू एकाच वळणाने ओढले गेले असतील तर हात हलला. भिंत स्पष्ट आणि धावणारे मूल तेवढे पुसट असेल तर मूल हलले. बिंदूची वाटोळी चकती झाली असेल तर फोकस चुकला. आणि दिव्यांभोवती दुधट प्रभा पसरली असेल तर भिंगावर बोटांचे तेल आहे, ते मऊ सुती कापडाने पुसताच ही फिर्याद निकालात निघते. अंधारात कॅमेरा अधिक वेळ प्रकाश साठवीत राहतो, म्हणून फोन भिंतीला टेकवून टायमर लावावा. मूलच हलत असेल तर मात्र उजेड वाढवण्यावाचून इलाज नाही.

बिंदू कसा पसरला हे कळले की पसरलेले चित्र गणिताने पुन्हा आवरता येते, ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. विल्यम रिचर्डसन यांनी 1972 साली आणि लिऑन लूसी यांनी 1974 साली, स्वतंत्रपणे, एक रीत मांडली: मूळ चित्राचा अंदाज करावा, तो त्याच दोषाने धूसर करावा, हाती असलेल्या चित्राशी ताडून अंदाज सुधारावा, आणि हेच पुनःपुन्हा करावे. 1990 साली हबल दुर्बीण अवकाशात गेली तेव्हा तिच्या 2.4 मीटर व्यासाच्या आरशाची कड सुमारे 2.2 मायक्रॉन अधिक सपाट घासली गेल्याचे उघड झाले. डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्ती करीपर्यंत खगोलशास्त्रज्ञांनी जी चित्रे सावरली, त्यांत या रीतीचा वाटा मोठा होता. अंतराळवीरांचे कौतुक यथार्थच आहे, परंतु रिचर्डसन आणि लूसी यांची नावे आपल्याकडे क्वचितच घेतली जातात, याची मला खंत वाटते.

या रीतीलाही मर्यादा आहे: प्रकाश अपुरा असेल तर चित्रातील दाणेदारपणाही तिच्याबरोबर वाढत जातो. आणि हल्ली ‘एआय’च्या नावाने जाहिरात होणारी पुष्कळ साधने तर हरवलेला तपशील शोधीत नाहीत, इतर असंख्य चित्रांवरून तो नव्याने रचतात. चेहऱ्याच्या बाबतीत ते कदाचित खपेल. परंतु मोडी दस्तऐवजाचे छायाचित्र पुसट आले असेल तर ते अशा साधनाच्या हवाली करू नये, कारण त्यातून निघालेले सुबक अक्षर लेखनिकाचेच असेल याची हमी नसते. कागद खिडकीपाशी सपाट ठेवावा, भिंग पुसावे, पडद्यावर अक्षरांना बोट लावून फोकस बांधावा आणि छायाचित्र पुन्हा घ्यावे.