एका इंजिनाच्या चार पिढ्या

छत्रपती संभाजीनगर म्हटलं की पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा आठवतात, बीबी का मकबरा आठवतो, हिमरू शाली आठवतात आणि खवय्यांना नानखलिया. वाळूजच्या स्कूटर आणि रिक्षा तर देशभर फिरल्या. मात्र जालना रोडवरच्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका वेगवान मोटारीच्या तीन पिढ्यांची जोडणी झाली, हे गावातल्याही अनेकांना ठाऊक नसतं. ती मोटार म्हणजे स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस.

आरएस म्हणजे ‘रॅली स्पोर्ट’. चेक देशातल्या या कंपनीने १९७०च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांना ही दोन अक्षरं लावली. शेंद्र्यात कंपनीचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टाव्हिया इथे जोडली जाऊ लागली. २००४ मध्ये तिची आरएस आवृत्ती आली. इंजिन परदेशातून येई, जोडणी मात्र आपल्याच माणसांच्या हातची.

त्या पहिल्या आरएसपैकी एक गाडी माझ्या बहिणीच्या अंगणात उभी आहे. मेहुण्यांनी हौसेने घेतली होती. ते गेल्यानंतर गाडी भाच्याकडे आली. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओची पुनर्नोंदणी झाली, पुढे पुन्हा एकदा झाली. आता इंजिन उघडायची वेळ आली आहे. बहीण म्हणते, “उभी राहून गंजण्यापेक्षा चांगल्या हातात जाऊ दे.” भाचा म्हणतो, “मामा, आईला तुम्हीच समजावा. असं इंजिन आता होत नाही.” हे खरं की नुसती माया, हे पाहण्यासाठी मी या इंजिनाची वंशावळच मांडून बसलो.

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. आपली पाणचक्की सगळ्यांनी पाहिली आहे. दूरच्या झऱ्याचं पाणी नळातून आणून त्याच्या जोरावर जातं फिरवायचं, ही तिची युक्ती. टर्बोत पाण्याच्या जागी इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर असतो. वाया जाणाऱ्या त्या धुरावर एक चक्र फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. हवा जास्त तर पेट्रोलही जास्त जाळता येतं, आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं.

पहिल्या पिढीचं इंजिन १७८१ सीसीचं. दर सिलिंडरला पाच झडपा, तीन हवा घ्यायला आणि दोन धूर सोडायला. चार सिलिंडरच्या मिळून वीस. ब्लॉक ओतीव लोखंडाचा. पेट्रोल हवेच्या वाटेवरच फवारलं जाई आणि हवेबरोबर आत शिरे. युरोपात ही गाडी १८० अश्वशक्तीची होती. आपल्याकडे १५० ची आली. तरी ज्यांनी साधारण ४० अश्वशक्तीच्या पद्मिनीत संसार केला, त्यांच्यासाठी हा वेग म्हणजे चमत्कारच होता.

दुसरी पिढी २०११ मध्ये लॉरा आरएस या नावाने आली. १७९८ सीसी आणि १६० अश्वशक्ती. आकडा पाहून वाटेल, दहाच तर वाढले! खरा फरक ओढीत होता. ज्याला टॉर्क म्हणतात तो २१० वरून २५० न्यूटनमीटरवर गेला, आणि तोही इंजिन १५०० फेऱ्यांवर असतानाच मिळू लागला. घाटात गिअर बदलायची घाई कमी झाली. याचं कारण असं की आता पेट्रोल मोठ्या दाबाने थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाऊ लागलं. पाचव्या झडपेची गरज उरली नाही, चारच राहिल्या. टायमिंगच्या रबरी पट्ट्याऐवजी लोखंडी साखळी आली.

मात्र प्रत्येक सुधारणा आपलं बिल सोबत घेऊन येते. जुन्या इंजिनात पेट्रोलच झडपा धुऊन काढी. थेट फवाऱ्यात ती धुलाई बंद झाली आणि हवेच्या झडपांवर काजळी साठू लागली. या घराण्याच्या सुरुवातीच्या इंजिनांत साखळी ताणून धरणाऱ्या भागाच्या आणि इंजिन तेल पिण्याच्या तक्रारी अनेक देशांतून आल्या. पुढे ते भाग सुधारले गेले.

तिसरी पिढी २०१७ ची. १९८४ सीसी, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटनमीटर. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग ६.८ सेकंदांत. यातली माझी आवडती सुधारणा डोळ्यांना दिसत नाही. धूर बाहेर नेणारी नळी पूर्वी इंजिनाला बाहेरून जोडलेली असे. आता ती सिलिंडर-हेडमध्येच ओतली गेली आणि तिच्याभोवती पाणी खेळवलं गेलं. सकाळी इंजिन लवकर तापतं. जोरात पळताना धूर थंड राखण्यासाठी जादा पेट्रोल ओतावं लागे, तेही वाचतं.

चौथ्या पिढीची गाडी २०२५ च्या ऑक्टोबरात आली. सीसी तेवढेच, अश्वशक्ती २६५. पहिल्या पिढीत एका लिटरमागे ८४ अश्वशक्ती निघत होती, आता १३३ निघते. एकवीस वर्षांत केवढी ही मजल! पण भारताच्या वाट्याला आल्या फक्त १०० गाड्या. किंमत पन्नास लाखांच्या घरात, आणि सगळ्या तयार होऊन बोटीने आलेल्या. २०२० मध्ये आलेल्या २४५ अश्वशक्तीच्या २०० गाड्याही अशाच आयात झाल्या होत्या. साधी ऑक्टाव्हिया २०२३ पर्यंत शेंद्र्यात जोडली जात होती. याच इंजिन-घराण्यातलं इंजिन असलेल्या नव्या कोडियाकची जोडणीही २०२५ मध्ये तिथे सुरू झाली. आरएसचं नातं मात्र सुटलं.

हा हिशेब घेऊन मी गॅरेजच्या चाचांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नवं इंजिन ताकदीला आणि सफाईला सरस, यात वाद नाही; पण त्याचं दुखणं आधी कॉम्प्युटरला विचारावं लागतं. या जुन्यालाही कॉम्प्युटर आहे, तरी याच्या बऱ्याच तक्रारी अजून कानाला कळतात. शिवाय हेच इंजिन फोक्सवॅगन आणि ऑडीच्या अनेक गाड्यांत बसलं असल्याने सुटे भाग शोधले की सापडतात.

बहिणीला मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. रोजच्या वापराला, मुलाबाळांना घेऊन लांब जायला नवी गाडी बरी, हेही सांगितलं. तिने एकच विचारलं, “हे इंजिन उघडताना पोराला शेजारी उभं करतील का?” चाचा हो म्हणाले. मग ती म्हणाली, “उघडा.”

तिचं गणित माझ्या आकड्यांपेक्षा सरळ होतं. अश्वशक्ती पैशाने विकत मिळते, आणि दर काही वर्षांनी नवी पिढी जुनीला मागे टाकते. हातातली विद्या मात्र कोणाच्या तरी शेजारी उभं राहूनच शिकावी लागते. हिमरूच्या मागावर बसणारे हात आपल्या डोळ्यांदेखत कमी झाले. मशीनच्या बाबतीत तरी तसं होऊ नये. शेंद्र्याच्या आणि वाळूजच्या शेडमध्ये या गावातल्या हजारो पोरांनी यंत्राची भाषा आत्मसात केली आहे. उद्या विजेच्या गाड्या आल्या तरी नट किती आवळायचा हे कळणारा हात लागणारच आहे. तो हात याच गावात तयार होत राहिला पाहिजे.