विश्लेषण : काट्यावर वजन घटले, मग आरशात का दिसत नाही?

आहार सांभाळला, चालणे सुरू केले, सहा महिन्यांत काटा आठ किलोंनी खाली आला. कार्यालयातील सहकारी ‘बारीक झालात’ म्हणतात, गावाकडची मावशी तर ‘तब्येत बरी आहे ना’ असे काळजीने विचारते. आरशासमोर उभे राहिल्यावर मात्र तेच पोट, तीच हनुवटी दिसते. वजन कमी करणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. त्यातून काहीजण ‘उपयोगच होत नाही’ म्हणून प्रयत्न सोडतात, तर काहीजण जेवण धोकादायक पातळीपर्यंत तोडतात. आरसा आणि डोळे यांच्यात नेमके काय बिनसते?

रोज पाहणाऱ्याला बदल का दिसत नाही?

समजा, एखाद्या व्यक्तीचे वजन ८० किलोंवरून सहा महिन्यांत ७२ किलो झाले आणि कंबर १०० सेंटिमीटरवरून ९२ वर आली. म्हणजे दिवसाला सरासरी ४५ ग्रॅम वजन आणि कंबरेचा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी घेर घटला. आरसा रोज पाहणारी व्यक्ती आजच्या शरीराची तुलना कालच्या शरीराशी करते आणि या दोहोंत डोळ्यांना पकडता येईल असा फरक नसतोच. सहा महिन्यांनी भेटणारी मावशी मात्र थेट ८० आणि ७२ यांची तुलना करते. घरातील मूल रोज वाढताना घरच्यांना कळत नाही, सुट्टीत आलेल्या पाहुण्यांना मात्र ते लगेच उंच झालेले दिसते, त्यातलाच हा प्रकार. वजन वाढतानाही असेच होते. दहा किलो वाढल्याचे अनेकांना जुनी पँट चढेनाशी झाल्यावर किंवा लग्नातले फोटो पाहिल्यावर कळते, ते यामुळेच.

वेबरचा नियम काय सांगतो?

जर्मन शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात हातातील वजनांवर प्रयोग केले. जाणवण्याजोगा किमान फरक हा ठरावीक ग्रॅमचा नसून मूळ वजनाच्या प्रमाणात असतो, असे त्यांना आढळले. हातात पाव किलो साखर असताना ५० ग्रॅमची भर लगेच कळते, दहा किलोंच्या पिशवीत तेवढीच भर कळत नाही. शरीराच्या आकाराबाबतही असेच घडते. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडल्यानुसार, शरीर जितके स्थूल, तितका त्यातील बदल ओळखणे पाहणाऱ्याला कठीण जाते. म्हणजे ६० किलोंच्या व्यक्तीचे पाच किलो घटले तर ते चटकन नजरेत भरतात, १०० किलोंच्या व्यक्तीचे तेवढेच किलो लपून राहतात. ज्यांना दिलाशाची सर्वाधिक गरज असते, त्यांनाच आरसा तो सर्वांत उशिरा देतो.

इतरांना किती किलो घटल्यावर कळते?

कॅनडातील टोरांटो विद्यापीठातील डॅनियल री आणि निकोलस रूल यांनी चेहऱ्यांच्या छायाचित्रांवर याचा अभ्यास केला. सरासरी उंचीच्या स्त्रीचे सुमारे साडेतीन आणि पुरुषाचे सुमारे चार किलो वजन बदलले, की इतरांना ते चेहऱ्यावर ओळखता येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. चेहरा अधिक आकर्षक वाटण्यासाठी मात्र साधारण त्याच्या दुप्पट वजन घटावे लागते. म्हणजे पहिल्या महिन्यात दीड-दोन किलो घटल्यावर कोणीच काही म्हणत नाही, यात प्रयत्नांचे अपयश नाही.

मनातील जुनी प्रतिमा म्हणजे काय?

प्रश्न केवळ डोळ्यांचा नाही. आपले शरीर कसे आहे, याचे एक चित्र प्रत्येकाच्या मनात असते. ऑस्ट्रियात जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ पॉल शिल्डर यांनी १९३५ मध्ये या ‘देहप्रतिमे’वर ग्रंथ लिहिला. हे चित्र आरशापेक्षा आठवणी, टोमणे आणि तुलना यांतून घडते. शाळेत ‘जाड्या’ म्हणून हाक मारली गेलेली व्यक्ती चाळिशीतही स्वतःकडे त्याच नजरेने पाहू शकते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस कॅश आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तीन गटांतील स्त्रियांची तुलना केली : सध्या स्थूल असलेल्या, पूर्वी स्थूल असलेल्या आणि कधीच स्थूल नसलेल्या. पूर्वी स्थूल असलेल्या स्त्रियांची वजनाबद्दलची चिंता आणि शरीराबद्दलची नाराजी अनेक बाबतींत सध्या स्थूल असलेल्या स्त्रियांसारखीच होती. शरीर बदलले, मनातील चित्र मागे राहिले. गर्दीत दोन खुर्च्यांमधून जाताना विनाकारण अंग चोरणे, दुकानात हात आपसूक जुन्या मापाच्या कपड्याकडे जाणे, ही त्याचीच लक्षणे.

औषधे आणि शस्त्रक्रियांमुळे हा प्रश्न वाढला का?

वजन घटवणारी मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात अधिकृतपणे उपलब्ध झाली. बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियाही आता मोठ्या शहरांपुरत्या राहिलेल्या नाहीत. या उपायांनी वजन तुलनेने लवकर आणि अधिक घटू शकते, पण मनातील प्रतिमा त्याच वेगाने बदलत नाही. शिवाय बरेच वजन घटल्यावर पोट, दंड आणि मांड्यांवरील त्वचा सैल पडते. आरशात ती चरबीसारखीच भासते, त्यामुळे ‘अजून बरेच बाकी आहे’ असा समज होतो. ही उरलेली त्वचा आणखी उपास केल्याने जात नाही.

आरशात दिसत नाही, तर शरीरात बदल होतो का?

होतो, आणि तो बहुधा आरशाच्या आधी होतो. अमेरिकेत मधुमेहाचा धोका असलेल्या तीन हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला सात टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम, एवढेच लक्ष्य दिले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८० किलोंच्या व्यक्तीसाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलो.

दिसण्यावर विसंबू नये, याचे एक उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही उंची-वजन निर्देशांक (बीएमआय) २२.३ होता. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. ‘लॅन्सेट’ने २००४ मध्ये दोघांच्या छायाचित्रासह ही तुलना प्रसिद्ध केली. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या पोटातही चरबी साठलेली असू शकते. ती आरशात दिसत नाही, तसे तिचे घटणेही दिसत नाही.

मग प्रगती मोजायची कशी?

काटा उपयोगी आहे, पण तोही रोज पाहण्याची वस्तू नाही. शरीरातील पाणी, मीठ, मासिक पाळी आणि पोटातील अन्न यांमुळे वजन दिवसागणिक एक-दोन किलो वर-खाली होऊ शकते. आठवड्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी मोजणे पुरेसे. त्यासोबत मोजपट्टी हवी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पट्टी न आवळता घेर मोजावा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. तिसरा उपाय छायाचित्राचा : महिन्यातून एकदा, त्याच कपड्यांत, त्याच जागी, त्याच उजेडात. पहिले आणि सहावे छायाचित्र शेजारी ठेवले, की डोळ्यांनाही मावशीसारखी तुलना करता येते.

कपडेही साक्ष देतात, पण सगळे नाहीत. नाडीची सलवार, लेगिंग आणि इलॅस्टिकची पँट प्रत्येक मापाला सामावून घेते. मापाचा शिवलेला ब्लाउज, पट्ट्याचे पुढचे छिद्र किंवा बोटात सैल झालेली अंगठी अधिक खरे बोलते. जिन्याचे तीन मजले न थांबता चढता येणे, रक्तदाब आणि साखरेचे आकडे सुधारणे, ही प्रगती तर आरसा कधीच दाखवत नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

वजन योग्य पातळीवर येऊनही ‘मी जाडच आहे’ हा विचार पाठ सोडत नसेल, दिवसातून अनेकदा आरसा पाहिला जात असेल किंवा आरसा पूर्ण टाळला जात असेल, चारचौघांत जेवणे बंद झाले असेल, उलट्या काढणे किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणे सुरू झाले असेल, तर तो इच्छाशक्तीचा प्रश्न उरत नाही. अ‍ॅनोरेक्सियासारख्या आजारात रुग्ण हाडांचा सापळा झाला, तरी त्याला स्वतः स्थूल वाटू शकतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांची मदत आवश्यक ठरते. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

याउलट, कोणताही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून अधिक वजन घटले असेल, तर ‘बरे झाले’ म्हणून गप्प बसू नये. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइडचे विकार किंवा कर्करोग यांचे ते लक्षण असू शकते आणि तपासणी करून घ्यावी.

घरच्यांनी काय करावे?

‘काहीच फरक दिसत नाही’ हे जसे बोचते, तसेच ‘किती छान बारीक झालीस, पूर्वी कशी होतीस’ हेही जुनी प्रतिमा पुन्हा जागी करते. वजनाऐवजी दम कमी लागतो का, झोप सुधारली का, गुडघे दुखायचे थांबले का, हे विचारणे अधिक उपयोगी ठरते. या प्रश्नांची उत्तरे आरशात शोधावी लागत नाहीत.